पडीक वावरातलं लग्न

माझ्या सासूने एकसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न करायचं ठरवलं, आणि ही बातमी अख्ख्या गावात मला सगळ्यांत शेवटी कळली. क्लिपवाटरमध्ये माणसं किती, तर साडेतीनशे. इथे कुणाची शेळी लंगडली तरी दुपारपर्यंत चर्चच्या पायरीवर त्याची चर्चा असते. मी दुकानात पीठ घ्यायला गेले, तर काउंटरमागची बाई पीठ मोजता मोजता म्हणाली, "काय गं रोना, नवा सासरा पसंत आहे ना?"

मी पीठ तिथेच ठेवून घरी आले. मा, म्हणजे माझी सासू ड्रिका, मागच्या दारात बसून बकरीचा कोथळा धूत होती.

"मा, खरं आहे का?"

"काय खरं आहे?"

"तुमचं आणि ऊम अपोल्सचं."

"खरं आहे. मीठ आण."

मी मीठ आणून दिलं. दुसरं काय करणार?

ऊम म्हणजे काका; अपोल्स आमचा गुराखी. माझे सासरे खेर्ट असताना बावीस वर्षं त्याने आमच्या बकऱ्या राखल्या. टेकडीपलीकडे तासाभराच्या वाटेवर आमचा कळपाचा तळ आहे, तिथे तो चटयांच्या गोल घरात राहायचा. उंच, वाळका, मोजकं बोलणारा माणूस. माणसांशी आमच्या भाषेत बोलायचा, बकऱ्यांशी नामा भाषेत, आणि बकऱ्यांशीच जास्त बोलायचा. खेर्ट गेले तेव्हा आम्हाला वाटलं, हा आता दुसरीकडे काम बघेल. तो गेला नाही. कुणी थांब म्हटलं नव्हतं, तरी थांबला. दर शुक्रवारी दुधाचा डबा घेऊन यायचा, मागच्या दाराशी उभा राहून चहा प्यायचा आणि जायचा. हे सहा वर्षं चाललं.

"सहा वर्षं तो माणूस दारात उभा राहतोय," मा कोथळा पिळत म्हणाली. "आत ये म्हटलं तर म्हणतो, बरं दिसणार नाही. मग म्हटलं, बरं दिसेल असंच काहीतरी करू."

माझा नवरा फ्लोर्स आठवडाभर स्प्रिंगबोकला असतो, टायरच्या दुकानात. शनिवारी तो आला आणि दारातच ओरडायला लागला.

"आई, बाबांच्या बकऱ्या राखणारा बाबांच्या खाटेवर झोपणार?"

"खाट तुझ्या बाबांची नाही. माझ्या बापाने दिली होती."

"मी थट्टा करत नाहीये!"

"मीही नाही. नीट नऊ इंची फळ्या आहेत तिला. खेर्ट आला तेव्हा जमिनीवर झोपत होता."

फ्लोर्सने माझ्याकडे बघितलं, जणू मीच हे लग्न जुळवलं होतं. मी बटाटे सोलत राहिले.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर मा थेट यकोपसमोर जाऊन उभी राहिली. यकोप खेर्टचा धाकटा भाऊ. चर्चच्या मंडळावर तोच, आणि हॉलच्या किल्ल्याही त्याच्याच खिशात. आमच्या गावात लग्न म्हणजे हॉल. तिथे खुर्च्या, तिथेच चूल, तिथेच नाच.

"यकोप, मला पुढच्या ऑगस्टमध्ये हॉल हवाय. शेवटचा शनिवार. पास्टर त्या आठवड्यात येणारच आहेत."

यकोपने टोपी हातात फिरवली. "हॉलची फरशी उखडायची आहे, ड्रिका. काम निघालंय."

"आत्ता ऑक्टोबर आहे."

"वेळ लागतो."

"दहा महिने? सोन्याची बसवताय का?"

पायरीवरच्या बायका हसल्या. यकोपच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणाला, "गुराख्याशीच लग्न करायचंय ना? मग गोठ्यात कर. त्याला तिथेच करमेल."

मी माचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला आणि म्हणाली, "गोठ्यात नाही. माझ्या बापाच्या वावरात करीन. फैखीवर उभी राहून करीन."

आता यकोपसकट सगळेच हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. फैखी म्हणजे जमिनीला चिकटून पसरणारं आमच्याकडचं रानफूल. वीतभरसुद्धा उंच होत नाही, पण एक रोप हातभर जागा व्यापतं. पांढरी, पिवळी, शेंदरी, गुलाबी, सगळ्या रंगांची फुलं एकाच वाफ्यात. थंडीतल्या पावसात उगवतं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतं आणि नोव्हेंबरात आमचा उन्हाळा लागला की बी धरून मरतं. ते काही कुणी लावत नाही, डोंगराच्या वाळूत आपलं आपण येतं. आणि माच्या बापाचं वावर म्हणजे आमच्या घरामागची ती पड. एके काळी तिथे गहू व्हायचा. मग तीस वर्षं गावाची गाढवं तिथे बांधली गेली, गाड्या तिथून गेल्या, आणि जमीन अशी दगड झाली की पोरं त्यावर चेंडू आपटायची.

"तिथे गवताची काडी येत नाही, ड्रिका," यकोप म्हणाला. "तिथे फैखी येईपर्यंत तू माझ्या भावाशेजारी पोचलेली असशील."

हे जरा जास्तच झालं. हसणं थांबलं. मा म्हणाली, "बघू," आणि घरी निघाली. घरी आल्यावर गोधडीची जुनी खोळ काढून झटकली आणि म्हणाली, "बोंडं वाळायला अजून महिना आहे."

नोव्हेंबरात आम्ही डोंगरावर गेलो. म्हणजे ती गेली, आणि एकसष्ट वर्षांच्या बाईला त्या उन्हात एकटीला कसं सोडू म्हणून मी मागोमाग गेले. फैखीची रोपं करपून तपकिरी झाली होती. प्रत्येक काडीच्या टोकाला वाटाण्याएवढं बोंड, लाकडासारखं कडक, तोंड घट्ट मिटलेलं. ती वाकून खुडायची आणि खोळीत टाकायची. दर दहा पावलांवर एक रोप तसंच सोडायची.

"हे का सोडलं?"

"डोंगराला काय देणार मग? दगड?"

पाच दिवस आम्ही खुडलं. सहाव्या दिवशी तिने पाण्याचं घमेलं मागवलं आणि मूठभर बोंडं पाण्यात टाकली. मी इथेच जन्मले, इथेच वाढले, पण हे कधी बघितलं नव्हतं. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात ती लाकडी बोंडं हलायला लागली. पाच-पाच पाकळ्यांनी उघडली आणि पाण्यात चांदण्यांसारखी तरंगत राहिली.

"ऊन कितीही तापू दे, हे उघडणार नाही," मा म्हणाली. "बी बाहेर टाकायचं तर पाणी हवं, हे त्याला कळतं. यकोपपेक्षा शहाणं आहे."

बोंडं चोळून, पाणी गाळून, बी उशीच्या अभ्र्यावर वाळवलं. एवढ्या खोळीतून किती बी निघालं असेल? चहाचा डबा अर्धासुद्धा भरला नाही. खसखशीहून बारीक, बदामी रंगाचं. मी डब्यावर वाकले तर तिने मला मागे खेचलं. "श्वास सोडू नकोस, उडेल."

उन्हाळा तसाच गेला. मार्चमध्ये मा आणि अपोल्स कुदळी घेऊन पडीवर उतरले. तिने दोऱ्या लावून चौकोन आखला होता. वीस पावलं लांब, पंधरा पावलं रुंद. पहिल्या घावाला कुदळ टणकन उडाली. अपोल्सने हातावर थुंकून पुन्हा मारली. दुपारपर्यंत त्यांची जेमतेम खाटेएवढी जागा फुटली.

रोज सकाळी तो बकऱ्या माळावर लावून तासभर चालत यायचा आणि दुपारी परत जायचा. मी तिसऱ्या दिवशी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. माने नुसती पाटी माझ्याकडे ढकलली. मी दगड वेचायला लागले. यकोपची गाडी रस्त्यावरून जाताना हळू व्हायची आणि तो हॉर्न वाजवायचा. अपोल्स दर वेळी टोपीला हात लावून त्याला सलाम करायचा. मनापासून करत होता की कसं, ते त्या माणसाच्या चेहऱ्यावरून कधीच कळलं नाही.

तीन आठवड्यांत चौकोन फुटला. गाडीभर नदीची वाळू आणून वर पसरली. एप्रिलच्या मध्याला माने डबा काढला. बी वाळूत कालवलं, चार भाग केले आणि एकेक भाग घेऊन आडवं-उभं चालत फेकलं. "गाडायचं नाही. याला उजेड लागतो. नुसतं दाबायचं," म्हणाली. आम्ही तिघं फळ्यांवर उभे राहून एक-एक पाऊल सरकत जमीन दाबत गेलो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, ही माणसं नाचतायत.

चौथ्या दिवशी पूर्वेचा वारा सुटला. आतल्या वाळवंटातून येणारा तो वारा भट्टीच्या तोंडासारखा असतो. दीड दिवस वाहिला. दारं-खिडक्या लावून ओल्या फडक्यांनी फटी बुजवून आम्ही बसलो. थांबला तेव्हा मा मागच्या दाराने बाहेर गेली. मी खिडकीतून बघत होते. ती चौकोनाच्या कडेला उभी राहिली, मग गुडघ्यावर बसली, तळहाताने जमीन चाचपली. वर पसरलेली वाळू गेली होती. खालची कडक जमीन झाडल्यासारखी स्वच्छ दिसत होती. वाळू सगळी शेजारी यकोपच्या कुंपणाला जाऊन टेकली होती, आणि बी कुठे गेलं ते देवाला ठाऊक.

मला वाटलं, संपलं. मी चहा घेऊन गेले. खांद्यावर हात ठेवावा म्हणून वाकले, तर ती म्हणाली, "चूक माझी. वर काटेरी डहाळ्या अंथरायला हव्या होत्या. माझी आई गव्हावर अंथरायची. मी विसरले."

"मा, आता बी कुठे आहे?"

"डोंगरावर. मी सोडलेली रोपं उभी आहेत. पाऊस पडला नाही तोवर बोंडं मिटलेलीच असणार."

"आणि पाऊस पडला तर?"

"तर पाण्याने उघडतील आणि सगळं बी मातीत जाईल. म्हणून पावसाआधी जायचं."

आमच्याकडे पाऊस थंडीत येतो, पश्चिमेकडून, समुद्रावरून. त्यासाठी गाव प्रार्थना करतं. त्या वर्षी आमच्या घरात तेवढी उलटी प्रार्थना चालली. मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी अपोल्स दुधाशिवाय आला. शुक्रवारही नव्हता.

"ड्रिका, बकऱ्या वाऱ्याकडे पाठ करून बसल्यात," तो म्हणाला. "उद्या येईल. कदाचित आजच."

दहा मिनिटांत आम्ही तिघं वाटेला लागलो होतो. पश्चिमेला ढग समुद्रापासून वर उभा होता, खाली काळा, वर राखाडी. उन्हाळ्यात जवळचा उतार खुडून झाला होता, म्हणून वरच्या खिंडीपर्यंत जावं लागलं. माचा गुडघा दुखतो. चढावर ती थांबत नव्हती, पण दर पावलाला तिच्या नाकातून आवाज येत होता. अपोल्स पुढे होता. मागे न बघता त्याने काठी मागे धरली, आणि तिने तिचं दुसरं टोक पकडलं. सबंध चढ ते असे चढले. हात धरला नाही दोघांनी.

वर आम्ही वेगवेगळ्या रांगांनी खुडायला लागलो. बोटांना काड्या टोचून रक्त येत होतं. मी एप्रनमध्ये भरत होते, अपोल्स टोपीत. दुपारचे दोन वाजले असतील, हवा एकदम गार झाली.

"मा, चला."

"ते पांढऱ्या दगडापर्यंतचं राहिलंय."

"भिजलो तर हातातलंही उघडेल!"

"मग भिजायच्या आत खुड. तोंडाने का खुडतेयस?"

पांढऱ्या दगडाशी पोचलो आणि पहिले थेंब आले. मोठे, थंड, लांब लांब पडणारे. अपोल्सने अंगातला कातडी कोट काढला, सगळी बोंडं त्यात ओतली, कडा दुमडून गाठोडं केलं आणि पोटाशी धरून उतारावरून पळायला लागला. चौसष्ट वर्षांचा माणूस, अंगात नुसता शर्ट, पावसात बकऱ्यासारख्या उड्या मारत चाललाय. मा उभी राहून बघत होती. पाऊस तिच्या चेहऱ्यावरून ओघळत होता आणि ती हसत होती. लग्न झाल्यापासून अकरा वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे सगळं यकोपला दाखवायला चाललेलं नाही.

गाठोडं कोरडं पोचलं. बी आधीपेक्षा कमी निघालं, डब्याचा चौथा हिस्सा. दोन दिवसांनी पाऊस उघडला तेव्हा जमीन ओली, मऊ होती. या वेळी चौकोन लहान आखला, बारा पावलं बाय दहा. नवी वाळू, बी, फळ्यांनी दाबणं, आणि वरून सगळीकडे काटेरी डहाळ्या. भोवती तारेचं कुंपण.

सतराव्या दिवशी माने मला हाक मारली. डहाळ्यांखाली जमिनीवर हिरवी झाक आली होती. मी पोटावर पालथी पडून बघितलं. टाचणीच्या डोक्याएवढी दोन-दोन जाड पानं, आणि त्यांच्यावर साखर शिंपडल्यासारखे चकाकणारे दाणे. "पाणी साठवलंय त्यात," मा म्हणाली. "आपापला हंडा घेऊनच जन्मतात."

जूनमध्ये रोपं दाट झाली, तेव्हा विरळणी करायची होती. शनिवार होता. मी गुडघ्यावर बसून ओळीने रोपं उपटत होते. मागून फ्लोर्सचा आवाज आला.

"तूसुद्धा?"

मी उठले. हात मातीने भरलेले. "वीतभर अंतर नसेल तर पसरत नाहीत," मी म्हणाले.

"दुकानात लोक मला विचारतात, तुझ्या आईचं शेत कसं आहे. हसतात. आणि माझी बायको तिथे चिखलात बसलीय!"

मा घरातून आली होती. शांतपणे म्हणाली, "फ्लोर्स, तिला नाही, मला बोल."

"तुला काय बोलू? बाबांना जाऊन सहा वर्षंच झाली."

"तुझ्या बाबांबरोबर मी सदतीस वर्षं काढली. चांगली काढली. त्यांच्या शेवटच्या आठ महिन्यांत त्यांना उचलून बसवायला कोण यायचं, आठवतं?"

फ्लोर्स बुटाने ढेकूळ फोडत राहिला.

"तू शनिवारी यायचास. यकोप रविवारी यायचा, बायबल वाचायला. उरलेले पाच दिवस अपोल्स टेकडी उतरून यायचा. तुझे बाबा त्याला शिव्या द्यायचे, दुखायचं म्हणून. तो म्हणायचा, हो मालक. आणि पुन्हा उचलायचा."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

तो गेला. त्या रात्री घरी राहिला नाही, आणि पुढचे दोन महिने एकाही शनिवारी आला नाही. फोन करायचा. आमच्या मुलींची चौकशी करायचा, पैसे पाठवलेत म्हणायचा, ठेवायचा. मला रडू यायचं. एकदा मी माला म्हणाले, "तुमचं लग्न होईल आणि माझं मोडेल."

तिने चुलीवरची किटली उतरवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तू उद्यापासून वावरात येऊ नकोस. मी वाईट वाटून घेणार नाही. खरंच."

मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. एवढंच की पाऊस महिनाभर गायब झाला होता, अपोल्स गाढवाच्या गाडीवरून झऱ्याचं पाणी आणत होता, आणि मा एकटी झारीने बारा पावलं बाय दहा पावलं भिजवत होती. झारी माझी होती. माझ्या झारीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला आवडत नाही.

यकोपने मंडळात विषय काढला, झऱ्याचं पाणी फुलांना घालतात म्हणून. माने जाऊन सांगितलं, "माझ्या वाटणीचं पाणी मी पिते की ओतते, ते माझं मी बघीन. आंघोळ बंद केलीय मी. हवं तर वास घेऊन बघा." कुणी घेतला नाही.

ऑगस्ट लागला तेव्हा मातीचा कण दिसत नव्हता. रोपं एकमेकांत शिरून सबंध जमिनीला चिकटली होती, आणि दुसऱ्या आठवड्यात कळ्या उघडल्या. फैखी सूर्याची गुलाम. अकरा वाजता उघडायची, चारला मिटायची. त्या पाच तासांत आमच्या घरामागे बघणं डोळ्यांना सोसत नव्हतं. लोक यायला लागले. आधी पोरं, मग बायका, मग दुकानवाली. यकोपची बायको सीना आंटी कुंपणापाशी उभी राहून कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ड्रिका, लग्नाला घेवडा शिजवून आणू का?"

"यकोपला विचारलंस?"

"पातेलं माझं आहे."

लग्नाच्या शनिवारी सकाळी मी उठले आणि खिडकी उघडली, तर बाहेर काही दिसत नव्हतं. समुद्राचं धुकं डोंगर चढून आत आलं होतं. दहा वाजता ते उचललं, पण वर ढग राहिले, गोधडीसारखे जाड, टोकापासून टोकापर्यंत. अकरा वाजले. बारा वाजले. एकही फूल उघडलं नाही. सगळा वाफा हिरवट-तांबूस, हजारो मिटलेल्या कळ्या.

सहा खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं आली साठ. अपोल्स उसन्या कोटात उभा होता, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. माने निळा झगा घातला होता, मीच शिवलेला. पास्टर घड्याळ बघत होते. दीड वाजता त्यांना पुढच्या गावात बाप्तिस्मा द्यायचा होता.

"थोडं थांबू या का, ड्रिका आंटी? ऊन पडेलसं वाटतंय."

थांबलो. पाऊण वाजला. ऊन पडलं नाही. रस्त्यावर यकोपची गाडी उभी होती. तो आत आला नव्हता, पण काच खाली करून बसला होता. त्याने तिथूनच आवाज टाकला, "अगं, फुलंसुद्धा तोंड मिटून बसलीत!"

मा वळली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्यांना निदान मिटता तरी येतं, यकोप."

माणसं एवढी हसली की कुंपणाबाहेरची गाढवं दचकली. सीना आंटीने तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला. मा पास्टरांना म्हणाली, "सुरू करा."

"पण फुलं..."

"फुलं इथेच आहेत. माझ्या पायाखाली आहेत. दिसली नाहीत म्हणून काय झालं? मी ऑक्टोबरपासून थांबलेय, आता उन्हासाठी नाही थांबणार." मग अपोल्सकडे वळून हळू आवाजात तिने विचारलं, "तुला थांबायचंय का?"

अपोल्स म्हणाला, "मी थांबून थांबून कंटाळलोय."

ते दोघं वाफ्याच्या मधोमध चालत गेले. पाऊल कुठे ठेवायचं म्हणून अपोल्स घुटमळत होता. माने त्याच्या कोपराला धरून त्याला पुढे नेलं. पास्टरांनी विचारलं ते दोघांनी कबूल केलं. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. तिचा थरथरला, एकदाच, नावाच्या जागी. मग आम्ही बकरीचं मटण, निखाऱ्यावरचे पाव आणि सीना आंटीचा घेवडा खाल्ला. कुणीतरी पेटी काढली. संध्याकाळपर्यंत पोरं नाचली. सूर्य दिवसभर एकदाही दिसला नाही. मी दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होते. फ्लोर्स आला नाही.

तो सोमवारी आला. दुकानातून सुट्टी घेऊन, भर दुपारी. आकाश धुतल्यासारखं निळं होतं. मी भांडी घासत होते. तो माझ्याजवळ थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

तो हळूहळू कुंपणापर्यंत गेला. वाफा पूर्ण उघडला होता. मधोमध, जिथे परवा लग्न लागलं होतं, तिथेसुद्धा चेपलेल्या रोपांनी मान वर काढून फुलं उघडली होती. मा कडेला खुर्चीत बसून मोजे विणत होती. अपोल्स बकऱ्यांकडे गेला होता.

फ्लोर्सने कुंपणाच्या तारेवर हात ठेवला. मग म्हणाला, "हे तुम्ही तिघांनी केलं?"

"तुझ्या बायकोच्या झारीने," मा म्हणाली. तिने सुई थांबवली नाही. "जेवलास?"

"नाही."

"मटण उरलंय. रोना, गरम कर."

मी ताट वाढून नेलं तेव्हा तो तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता. तो जेवला, ताट चाटूनपुसून साफ केलं. तीन वाजता टेकडीवरून बकऱ्यांच्या घंटा ऐकू आल्या. फ्लोर्सने मान वर करून त्या दिशेला बघितलं, पण उठून गेला नाही. निघतानाही थांबून कळपाची वाट बघितली नाही. एका दिवसात माणूस किती बदलणार?

गाडीत बसण्याआधी तो आईला म्हणाला, "शनिवारी येतो."

"ये," मा म्हणाली. "येताना पन्नास फूट तार घेऊन ये. बियाणं धरायचंय, कुंपण मोठं करावं लागेल. आणि जाड आण, स्वस्तातली नको."